‘दा. १९.१’ वर नेमकं बोट कसं ठेवायचं: एक्सएमएलमधल्या मजकुराला लिंक द्यायला शिकताना

आमचे आजोबा कीर्तन करायचे. कोरेगाव, रहिमतपूर, औंध ह्या पट्ट्यात सप्ताह असला की त्यांना बोलावणं यायचं आणि जाताना पिशवीत एक वही असायची. अशा अकरा वह्या आईनं ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, त्या मी टाइप करायला घेतल्या. टाइप करताना लक्षात आलं की वहीत गोष्टी कमी आणि बोटं दाखवणं जास्त आहे. जागोजागी ‘दा. १९.१’ (दासबोध, दशक १९, समास १), ‘ज्ञा. ९’ (ज्ञानेश्वरी, अध्याय ९), ‘मागे सांगितलेला दृष्टांत’, ‘पान १४ पहा’, नुसतं ‘तेच’. म्हणजे मजकूर नुसता टाइप करून उपयोग नाही, बोट जिकडे आहे तिकडं वाचणाऱ्याला नेता आलं पाहिजे. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या मधे बाणाची खूण करून दुसरी नोंद बघा म्हणून सांगतात ना, तसलंच, फक्त क्लिक केल्यावर जाणारं.

मी बीकॉम, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी, कोडिंगचा गंध नाही. दीड वर्ष शनिवार-रविवार घालून हे शिकले आणि त्यातले निदान चार महिने चुकीच्या रस्त्यानं गेले, तेवढे तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

ह्यासाठी मी टीईआय वापरते. टीईआय म्हणजे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, जुने ग्रंथ, पत्रं, वह्या संगणकाला समजतील अशा खुणा करून लिहिण्याचे नियम. ह्या खुणा एक्सएमएलमध्ये करतात, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला कोनी कंसात नाव लिहून खूण करायची. त्या खुणेला टॅग म्हणतात, आणि टॅगच्या आत लिहायच्या जास्तीच्या माहितीला अॅट्रिब्यूट. १९८७ साली अमेरिकेत वासार कॉलेजात बैठक झाली तिथून हे सुरू झालं, आत्ता चालू आहे ती पी-५ आवृत्ती २००७ ची आणि तिच्यात सुधारणा होत राहतात. हे आकडे सांगायचं कारण एवढंच की नेटवर शोधलं की पी-४ च्या काळातली ट्यूटोरियलं पण सापडतात, त्यात लिंकसाठी एक्सपीटीआर आणि एक्सरेफ असले टॅग दिसतील. ते पी-५ मध्ये नाहीत. दिसले की ते पान बंद करा.

अजून एक, टॅगची नावं मी इथं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलीत. प्रत्यक्ष फाइलीत ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, आकडे सुद्धा.

काय काय लागेल

- मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला. जुन्या डीटीपी फॉन्टमधला असेल तर आधी तो बदलून घ्या, नायतर पुढचं सगळं वाया.
- व्हीएस कोड, फुकट आहे, आणि त्यात स्कॉलरली एक्सएमएल नावाचं एक्स्टेन्शन. ऑक्सिजन नावाचा एडिटर जास्त चांगला आहे पण पैसे पडतात, शिकताना गरज नाही.
- टीईआय-ऑल स्कीमा, म्हणजे कुठला टॅग कुठं चालतो ह्या नियमांची फाइल. चूक झाली की लाल रेघ हा दाखवतो.
- ज्या ग्रंथाकडे बोट दाखवायचंय त्याची एक ठरलेली छापील प्रत. एकच. प्रकाशक आणि साल पहिल्या पानावरून उतरवून ठेवा.
- मूळ वहीचे फोटो, पानवार नावं दिलेले.
- एक्सेल. हसू नका, शेवटी हेच कामाला येतं.
- एक साधी कागदी नोंदवही. कुठल्या आयडीला काय नाव दिलं ते लिहायला.

१. बोट कशावर ठेवायचं ते आधी ठरवा

मी काय केलं होतं ते सांगते. पहिली वही टाइप झाली, मी उत्साहात लिंका द्यायला बसले आणि प्रत्येक लिंक ‘ह्या भागातला तिसरा परिच्छेद’, ‘त्यातला सातवा परिच्छेद’ अशी मोजून दिली. एक्सपाथ नावाची सोय आहे त्यात असं मोजून दाखवता येतं आणि ते चालतं पण, क्लिक केलं की बरोब्बर तिथं जातं. एकशे चाळीस लिंका झाल्या. मग मामा एका रविवारी आले, मूळ वही आणि माझं प्रिंट शेजारी ठेवून वाचायला लागले आणि म्हणाले, अगं चौदावं पान कुठाय? ते राहिलंय की. दोन पानं चिकटली होती. मी ते पान टाइप करून मधे घातलं, चार परिच्छेद वाढले, आणि त्या पुढच्या सगळ्या लिंका चार घरं सरकल्या. वाईट ह्याचं की एकही लिंक तुटली नाही. सगळ्या चालत होत्या, फक्त भलतीकडे जात होत्या. तुटलेली लिंक दिसते तरी, ही दिसत पण नाही.

तेव्हापासून मोजून बोट दाखवणं बंद. ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याला आधी नाव द्यायचं आणि बोट नावाकडे दाखवायचं. गावात पत्ता सांगताना डावीकडून पाचवं घर म्हटलं की मधे एक घर बांधलं गेल्यावर पाहुणा शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो, नाव सांगितलं की नाही.

नाव कशाला द्यायचं हे ग्रंथावर ठरतं. दासबोधाचं सोपं आहे, २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, आणि आत ओव्या, एकूण ७७५१ धरतात. ग्रंथच दशक-समास-ओवी असा बांधलेला असल्यानं पान नंबरची गरजच नाही, कुठल्याही प्रेसची प्रत असू दे १९.१ म्हटलं की लेखनक्रियानिरूपणच निघणार. वहीचं तसं नाही. वहीत एक-एक निरूपण हा मोठा तुकडा, त्यात परिच्छेद, आणि पान कुठं बदललं ते दाखवायला पीबी हा रिकामा टॅग. पान हा तुकडा नाही, ती नुसती खूण आहे, कारण वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपतं आणि तुम्ही पानाला डबा केलात तर वाक्य कापावं लागेल. पण आजोबांनी ‘पान १४ पहा’ लिहिलंय म्हणजे पीबीला पण नाव लागतंच.

ज्ञानेश्वरी आणि गाथा ह्यांच्या बाबतीत सावध राहा. ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रतींत ओव्यांची संख्या सारखी नाही, गाथ्यात तर अभंगांचे क्रमांकच प्रतीप्रमाणे बदलतात. कोणी ‘अभंग ३०२’ म्हटलं तर पहिला प्रश्न, कुठल्या गाथ्यातला? म्हणून वर म्हटलं की एक प्रत ठरवा, आणि ती कुठली हे फाइलीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, लिहा.

२. आयडी द्या, आणि एकदा दिला की हात लावू नका

नाव म्हणजे एक्सएमएल-कोलन-आयडी हे अॅट्रिब्यूट. हे कुठल्याही टॅगला लावता येतं. दासबोधाच्या पहिल्या ओवीचा आयडी आम्ही असा धरलाय: दा-०१-०१-००१. दशक दोन आकडी, समास दोन आकडी, ओवी तीन आकडी. शून्य पुढं लावायचं कारण यादी क्रमानं लावली की १ नंतर १० आणि मग २ येतं, शून्य असलं की रांग सरळ लागते.

आयडीचे नियम थोडेच आहेत पण प्रत्येकावर मी आपटलेय:

आकड्यानं सुरुवात चालत नाही. १९-०१-००१ असा आयडी दिलात की लाल रेघ. पुढं अक्षर पाहिजे.

स्पेस चालत नाही, कोलन चालत नाही.

एका फाइलीत एक आयडी एकदाच. कॉपी-पेस्ट करून पुढची ओवी बनवताना आयडी बदलायचा राहतो, सगळ्यात कॉमन चूक.

कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरतात. ठरवून टाका, सगळं स्मॉल.

मधे टिंब चालतं, पण वापरू नका. एक्सएमएलला टिंब चालतं म्हणून मी सुरुवातीला १९.१.१ सारखे दिले होते, दिसायला छान, पण पुढं वेबवर सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारा कोड, लिहायला घेतलं तर तिथं टिंबाचा अर्थ वेगळा, क्लास. मग सगळीकडे टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ घालत बसा. आडवी रेघ बरी.

देवनागरीत आयडी देता येतो का? येतो, एक्सएमएलचा काही आक्षेप नाही. पण लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवलीत की एकेका देवनागरी अक्षरखुणेचे टक्के-चिन्हवाले नऊ-नऊ कॅरेक्टर होतात. नुसतं ‘ओवी’ लिहिलं तर ओ, व आणि वेलांटी अशा तीन खुणा, म्हणजे सत्तावीस कॅरेक्टरची शेपटी. मामांना अशी लिंक पाठवली तर त्यांना वाटलं व्हायरस आलाय.

एन नावाचं अजून एक अॅट्रिब्यूट आहे, त्याच्याशी घोळ करू नका. एन मध्ये माणसाला दाखवायचा आकडा, तो देवनागरीत ‘१’ असा लिहा, दहा ठिकाणी तोच आला तरी हरकत नाही. आयडी मशीनसाठी. उद्या कळलं की आपला ओवी क्रमांक चुकलाय तर एन बदला, आयडी तसाच राहू दे. आयडी चुकीचा दिसतोय म्हणून मनाला खातं, मला पण खातं, पण कोणीतरी त्या नावाकडे बोट दाखवून बसलेलं असतं.

ओवीला एलजी आणि चरणाला एल हे टॅग वापरतात, समासाला आणि दशकाला डिव्ह. चरणाला पण आयडी द्यायचे का हा प्रश्न येतो. मी दिले नाहीत. आजोबांनी चरणाकडे बोट दाखवलंय अशा जागा सगळ्या वह्यांत मिळून पाच-सहा, त्यांना तेवढ्यापुरते दिले.

३. लिंक लिहा

दोन टॅग आहेत. रेफ, ज्याच्या पोटात मजकूर असतो, आणि पीटीआर, जो रिकामा असतो. वहीत आजोबांनी ‘दा. १९.१’ असं स्वतः लिहिलंय, ते शब्द त्यांचे आहेत, म्हणून तिथं रेफ: आत ‘दा. १९.१’ जसंच्या तसं आणि टार्गेट मध्ये पत्ता. तुम्ही स्वतः टीप देताय आणि शब्द लिहायचे नाहीत, तिथं पीटीआर. दोन्हीत पत्ता टार्गेट ह्या अॅट्रिब्यूटमध्ये जातो:

टार्गेट="#दा-१९-०१-००१"

त्या पुढच्या # कडे बघा. हा हॅश विसरलात तर काय होतं? काहीच होत नाही, हीच तर भानगड. लाल रेघ येत नाही, कारण हॅश नसेल तर संगणक समजतो की ह्या नावाची एखादी फाइल शेजारी पडलीय आणि तिच्याकडे बोट आहे. पत्ता म्हणून ते बरोबरच आहे, म्हणून स्कीमा गप्प. माझ्या पहिल्या फाइलीत असे एकोणीस निघाले.

दुसरी भानगड स्पेसची. टार्गेटमध्ये एकापेक्षा जास्त पत्ते देता येतात, मधे स्पेस सोडून. फार सोयीचं आहे, आजोबा लिहायचे ‘दा. १९.१ व १९.६’, तिथं एकाच रेफला दोन पत्ते दिले की झालं. पण त्यामुळंच फाइलीच्या नावात स्पेस असेल, समजा ‘वही तीन’, तर संगणक त्याचे दोन पत्ते करतो, ‘वही’ नावाची फाइल आणि ‘तीन’ नावाची फाइल. फाइलींच्या नावात स्पेस ठेवूच नका.

तिसरी, स्कॅनच्या वेबसाइटचा पत्ता टार्गेटमध्ये चिकटवताना त्यात अँडचं चिन्ह असेल तर ते एक्सएमएलच्या पद्धतीनं अँड-एएमपी-अर्धविराम असं लिहावं लागतं. आणि वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून कोड कॉपी केलात तर वळणदार अवतरणचिन्हं येतात, ती चालत नाहीत, सरळ पाहिजेत.

एकच दृष्टांत तिसऱ्या वहीत आणि सातव्या वहीत आला असेल तर त्याला रेफ नको, कारण आजोबांनी तिथं काही बोट दाखवलेलं नाही, जोडी आपण लावतोय. त्यासाठी करेस्प हे अॅट्रिब्यूट त्या परिच्छेदालाच लावायचं.

४. दुसऱ्या फाइलीत जायचं असेल तर

हॅशच्या आधी फाइलीचं नाव. तेवढंच. पण ते नाव तुमच्या फोल्डरच्या हिशोबानं द्या, सी ड्राइव्हपासूनचा पत्ता देऊ नका. आमच्या चुलत भावानं मदत म्हणून दोन वह्यांच्या लिंका केल्या, त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालत होत्या, पेन ड्राइव्हवर माझ्याकडे आल्या आणि एकही चालेना. सगळ्या पत्त्यांत त्याच्या डेस्कटॉपचं नाव.

लिंका शेकड्यानं असतील तर प्रीफिक्स-डेफ बघा. हेडरमध्ये एकदा लिहून ठेवायचं की ‘दाबो’ आणि कोलन आलं की त्याचा अर्थ अमुक फाइल, हॅश, दा, आडवी रेघ, आणि पुढं जे असेल ते. मग टार्गेटमध्ये नुसतं दाबो:१९-०१-००१ लिहायचं. उद्या फाइल दुसरीकडे हलवली तर हेडरमधली एक ओळ बदलायची, सातशे लिंका नाही. ग्रंथ परंपरेनं आकड्यांनीच उद्धृत होत असेल तर सी-रेफ म्हणून अजून एक रस्ता आहे, त्यात ‘१९.१.१’ असंच लिहायचं आणि हेडरमध्ये आकड्यांवरून पत्ता कसा बनवायचा तो साचा द्यायचा. मी दोन्ही करून बघितले, प्रीफिक्सवर थांबले. पण लक्षात ठेवा, ब्राउझरला ह्यातलं काही कळत नाही, वेबवर टाकताना एक्सएसएलटी (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा) किंवा छोटी स्क्रिप्ट लिहून पत्ते उलगडून घ्यावे लागतात. ती येत नसेल तर सरळ फाइल आणि हॅश लिहा, लाज वाटून घेऊ नका.

५. ओवीच्या आतल्या एका शब्दाकडे

इथं सगळ्यांचे पाय घसरतात, म्हणून सावकाश वाचा.

आजोबांच्या वहीत १९.१ च्या पहिल्या ओवीतल्या ‘अक्षर’ ह्या एका शब्दावर पानभर निरूपण आहे. मला अख्ख्या ओवीकडे नाही, त्या शब्दाकडे बोट दाखवायचं होतं. तीन रस्ते आहेत.

पहिला, शब्दाभोवती सेग टॅग लावा आणि त्याला आयडी द्या. फाइल तुमची असेल तर डोळे झाकून हाच करा.

दुसरा, तुकडा जर एका ओवीच्या मधे सुरू होऊन पुढच्या ओवीच्या मधे संपत असेल तर सेग लावता येत नाही, कारण एक्सएमएलमध्ये डबा अर्धा ह्या डब्यात अर्धा त्या डब्यात ठेवता येत नाही. तिथं सुरुवातीला एक अँकर आणि शेवटी एक अँकर ठोका, दोन्हीला आयडी द्या. अँकर म्हणजे नुसता खिळा, त्याला जागा लागत नाही, त्यामुळं कशाला आडवा येत नाही.

तिसरा रस्ता तेव्हाचा, जेव्हा फाइल दुसऱ्याची असते आणि तिच्यात खिळा ठोकायची परवानगी नसते. टीईआयनं ह्यासाठी एक्सपॉइंटरच्या पद्धती ठरवून दिल्यात, त्यातली स्ट्रिंग-रेंज म्हणजे अमुक आयडीच्या मजकुरात इतक्या अक्षरांनंतर इतकी अक्षरं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात ही पद्धत समजणारी सॉफ्टवेअरं शोधायला गेलात तर हाताशी फार काही लागत नाही, आणि मराठीत अजून एक अडचण, ती म्हणजे मोजायचं काय?

‘अक्षर’ ह्या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोरगं सांगेल तीन. संगणक सांगतो पाच: अ, क, हलन्त, ष, र. ‘कीर्तन’ डोळ्याला तीन, संगणकाला सहा. म्हणजे बोटानं मोजून आकडा लिहिलात तर शब्दाच्या मधेच कात्री चालणार. शिवाय स्ट्रिंग-रेंजमध्ये जागा शून्यापासून मोजतात, म्हणजे पहिल्या अक्षराच्या आधी शून्य, आणि एक्सपाथमध्ये तिसरा परिच्छेद म्हणताना एकपासून मोजतात. एकाच पत्त्यात दोन्ही आले तर डोकं धरून बसावं लागतं.

आणि पायऱ्यातला ऱ्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन प्रकारांनी टाइप होतो आणि तिन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, तेव्हा शब्द सात खुणांचा. दोन, साधा र आणि खाली नुक्ता, तेव्हा आठ. तीन, र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, तेव्हा पण आठ. मी लॅपटॉपवर टाइप करायचे, आई फोनवर, त्यामुळं आमच्या एकाच वहीत दोन प्रकार निघाले. शब्द शोधायला गेलं की अर्धेच सापडायचे, मी दोन रविवार स्वतःला वेडी समजत होते. उपाय असा की लिंका द्यायच्या आधी सगळा मजकूर एनएफसी ह्या युनिकोडच्या रूपात आणून घ्या, त्यानं नुक्तावाला प्रकार सरळ होतो. झेडडब्ल्यूजेवाला त्यानं होत नाही, तो फाइंड-रिप्लेसनं हातानं बदलावा लागतो.

अजून एक ह्यातच. एडिटरमध्ये फॉरमॅट डॉक्युमेंट म्हणून बटण असतं, दाबलं की कोड सुबक होतो. तो सुबक करताना मजकुराच्या मधल्या मोकळ्या जागा आणि ओळी बदलतो, आणि स्ट्रिंग-रेंजमध्ये त्या जागा पण मोजल्या जातात. म्हणजे एका बटणात सगळे आकडे चुकले.

तेव्हा दुसऱ्याच्या मजकुराकडे बोट दाखवायचंच असेल तर आकडा एकटा लिहू नका, सोबत तो शब्द स्वतः आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन-तीन शब्द पण नोंदवा. डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या वेब अॅनोटेशन मॉडेलमध्ये २०१७ साली हीच पद्धत घालून दिलीय, उद्धृत मजकूर, त्याच्या आधीचा, त्याच्या नंतरचा. मजकूर थोडा सरकला तरी शब्दावरून जागा परत सापडते. आजोबा पण असंच करायचे, ओवीचा नंबर आणि पुढं ओवीचे पहिले दोन शब्द.

६. मूळ माणसाचाच हवाला चुकला असेल तर

आजोबा आठवणीतून लिहायचे. काही ठिकाणी समास बरोबर आणि ओवी चुकलेली, एका ठिकाणी दशकच चुकलेलं. मोह होतो की सुधारून टाकावं. सुधारू नका. रेफच्या पोटात त्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं राहू दे आणि टार्गेटमध्ये तुम्हाला सापडलेली खरी जागा द्या. सोबत रिस्प मध्ये हे कोणी ठरवलं ते, आणि सर्ट मध्ये किती खात्री, हाय, मीडियम किंवा लो. मामांनी सांगितलेली ओवी माझ्या मते चुकीची होती तिथं रिस्प मध्ये मामांचं नाव आणि सर्ट लो टाकलंय, त्यांना अजून दाखवलेलं नाही.

७. वेबवर टाकताना

सेटेशियन नावाची फुकट लायब्ररी आहे, ती टीईआय फाइल सरळ ब्राउझरमध्ये दाखवते आणि आपले एक्सएमएल आयडी तिथले आयडी होतात, म्हणजे पत्त्याच्या शेवटी # आणि आयडी लावला की पान तिथं उतरतं. दोन गोष्टी सांभाळा. वर चिकटलेली पट्टी असेल तर नेमकी हवी ती ओवी तिच्याखाली लपते, सीएसएसमध्ये स्क्रोल-मार्जिन-टॉप द्या. आणि टार्गेट नावाचा स्यूडो क्लास (लिंक जिथं उतरली तो भाग ओळखायची सीएसएसची सोय) वापरून आलेली ओवी हळदीच्या रंगानं उठून दिसेल असं करा, नायतर वाचणारा पानावर येतो आणि शोधत बसतो.

दुसऱ्याच्या पानावर आयडीच नसतील तर हॅश, कोलन, टिल्ड, कोलन आणि टेक्स्ट इक्वल टू असं लिहून पुढं शब्द द्यायची सोय क्रोममध्ये २०२० पासून आहे, तो शब्द रंगवून दाखवतो. वरची ऱ्याची भानगड इथं पण आडवी येते, म्हणून शब्द त्या पानावरूनच कॉपी करा.

८. तपासणी, एक्सेलमध्ये

लाल रेघ नाही म्हणजे लिंका बरोबर, असं समजू नका. मी करते ते असं. व्हीएस कोडच्या फाइंडमध्ये रेजेक्स (साच्यावरून शोधायची सोय) चालू करून ‘टार्गेट, बरोबरचं चिन्ह, अवतरण, मग पुढचं अवतरण येईपर्यंत सगळं’ असं शोधायचं, ऑल्ट-एंटर दाबलं की सगळे एकदम सिलेक्ट होतात, कॉपी करून एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये. तसेच सगळे आयडी दुसऱ्या कॉलममध्ये. एकाच घरात दोन पत्ते असतील तर टेक्स्ट टू कॉलम्सनं वेगळे करायचे. पुढचा हॅश आणि अवतरणं काढून टाकायची, पण त्याआधी हॅश नसलेले डोळ्याखालून घालायचे, कारण घोळ तिथंच असतो. मग तिसऱ्या कॉलममध्ये काउंटइफ. उत्तर १ आलं तर ठीक, ० आलं तर बोट हवेत आहे, २ आलं तर एकाच नावाचे दोघं आहेत. काउंटइफला कॅपिटल-स्मॉल कळत नाही आणि एक्सएमएलला कळतं, म्हणून १ आलं तरी लिंक मेलेली असू शकते, त्यासाठी वरच म्हटलं सगळं स्मॉल ठेवा.

पण एक्सेल फक्त नाव आहे का एवढंच सांगतं, बोट बरोबर ठिकाणी आहे का ते माणसानंच बघायला लागतं. आम्ही दर पन्नास लिंकांमागं पाच कुठल्याही उचलतो, एकजण वहीतलं वाचतो आणि दुसरा क्लिक करून काय उघडलं ते वाचतो. आई वाचणार असली की हे लांबतं, ओवी निघाली की ती चालीवर म्हणून दाखवते.

ज्यांची जागा सापडतच नाही अशांचं काय? रेफ लावा आणि टार्गेट देऊ नका. ते चालतं, स्कीमा तक्रार करत नाही, आणि इथं बोट आहे पण कुठं ते कळलेलं नाही एवढी नोंद राहते. अंदाजानं जवळची ओवी चिकटवण्यापेक्षा हे बरं. आमच्याकडे असे बावीस उरलेत, त्यातले नऊ नुसते ‘तेच’ आहेत. त्यांची वेगळी यादी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आहे, मामा आले की आधी ते पान उघडतात.